शिंगावरचं साल आणि शिंगाचं वय

पावडर हॉर्न म्हणजे बंदुकीची दारू ठेवायचं शिंग. ठासणीच्या बंदुकीच्या काळात अमेरिकेत शेतकरी, शिकारी, शिपाई सगळ्यांच्या खांद्याला ते लटकत असे. गाईचं किंवा बैलाचं पोकळ शिंग घ्यायचं, रुंद तोंडाला लाकडाचं बूड बसवायचं, टोकाला बारीक भोक पाडून त्यात खुंटी घालायची, दोन्हीकडून पट्टा अडकवायचा. शिंग हलकं असतं, पाणी आत शिरू देत नाही, लोखंडावर घासलं तरी ठिणगी पडत नाही. तासून पातळ केलं की उजेडापुढे धरून आत किती दारू उरली तेही दिसतं. दारूला दमट हवा अजिबात चालत नाही, त्यामुळे कापडी पिशवीपेक्षा शिंग कितीतरी बरं.

हे सगळं मला दीड वर्षापूर्वी माहीत नव्हतं. एक जुनं शिंग विकत घेतलं, त्याचं वय शोधायला निघाले आणि त्या नादात एक नवीन शिंग स्वतःच करून बसले. माहिती शोधताना इंग्रजीत संग्राहकांची पुस्तकं आणि लिलावांच्या याद्या भरपूर मिळाल्या, पण घरी एखादं शिंग घेऊन बसलेल्या माणसाने आधी काय करावं आणि नंतर काय, हे सांगणारं फारसं हाती लागलं नाही. म्हणून लिहिते आहे.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहतो. या गावात मराठी माणसांची वानवा नाही. अमेरिकेच्या क्रांतियुद्धात बॉस्टनमध्ये इंग्रजांना कोंडणाऱ्या सैन्याचं नेतृत्व वॉशिंग्टन येण्यापूर्वी ज्याच्याकडे होतं, तो आर्टेमस वॉर्ड याच गावचा. त्याचं घर अजून उभं आहे. जॉन बुशही इथलाच. हा स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस १७५५ च्या, फ्रेंचांविरुद्धच्या लेक जॉर्जच्या मोहिमेत होता आणि छावणीत सोबत्यांची शिंगं कोरत असे. त्याच्या अक्षरांचं वळण आणि वेलबुट्टी इतकी देखणी की पुढच्या कित्येक कोरणाऱ्यांनी ती उचलली. १७५७ मध्ये इंग्रजांचा फोर्ट विल्यम हेन्री हा किल्ला पडला तेव्हा तो फ्रेंचांच्या हाती सापडला आणि घरी परतला नाही. त्याच्या हातची शिंगं आज संग्रहालयांत आहेत. माझं शिंग त्याचं नाही, हे आधीच सांगून टाकते. पहिले काही दिवस मलाही तशी आशा होती.

सप्टेंबर २०२३ मध्ये जवळच्याच गावात एका जुन्या घराची विक्री होती. इथे घरमालक वारले किंवा वृद्धाश्रमात गेले की मुलं घरातलं सगळं सामान घरातच मांडून विकतात. कपबश्या बघायला गेले होते. गॅरेजमधल्या टेबलावर हातोड्या आणि कुलपांच्या गर्दीत ते पडलं होतं. साधारण फूटभर लांब, मधासारख्या रंगाचं, मानेकडे काळपट हिरवं. अंगावर एका माणसाचं नाव, त्यापुढे 'हिज हॉर्न', खाली 'रॉक्सबरी कँप' आणि '१७७५'. बाजूला एक किल्ला, एक मासा आणि दोन झाडं. चिठ्ठीवर २४० डॉलर. विकणाऱ्या बाईंना एवढंच माहीत होतं की आजोबांच्या अभ्यासिकेत ते भिंतीवर असायचं. पावती मागून घेतली. अशा ठिकाणी पावती कुणी मागत नाही, पण मागावी, आणि तिच्यावर घराचा पत्ता, तारीख आणि वस्तूचं वर्णन लिहून घ्यावं. पुढे वस्तूचा माग काढताना हा एकच कागद तुमच्या बाजूने बोलतो.

रॉक्सबरी आणि १७७५ ही जोडी वाचून कोणाचंही काळीज धडधडेल. एप्रिल १७७५ ते मार्च १७७६ बॉस्टनला वेढा पडला होता. रॉक्सबरी, केंब्रिज, विंटर हिल अशा छावण्यांत न्यू इंग्लंडची, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातली, पोरं महिनोन्‌महिने बसून होती. लढाई कमी, रिकामा वेळ फार. त्यामुळे त्या वर्षाची कोरलेली शिंगं बरीच सापडतात, खऱ्याखुऱ्या शिंगांना हजारो डॉलर मिळतात, आणि म्हणूनच त्या वर्षाची खोटी शिंगंही चिक्कार आहेत.

दुसऱ्या दिवशी दोन संग्रहालयांना ईमेल पाठवली. एकाने पाच आठवड्यांनी उत्तर दिलं, दुसऱ्याने दिलंच नाही. आलेलं उत्तर सभ्य होतं आणि मुद्द्याचं होतं: किंमत सांगत नाही, अस्सल असल्याचा दाखला देत नाही, फोटोवरून मत देत नाही, पण अमुक प्रकारचे फोटो काढून ठेवा, उपयोग होईल. ती यादी खरंच उपयोगाची निघाली. शिंगाच्या चारही बाजू, बूड सरळ समोरून, टोक, खिळ्यांचे जवळून फोटो, सगळीकडे शेजारी मोजपट्टी, आणि कोरीव भागाचे तिरप्या उजेडातले फोटो. खोलीत अंधार करून टॉर्च जवळजवळ आडवा धरला की प्रत्येक ओरखड्याला सावली पडते. हे फोटो शिंगाला तेल-पाणी काहीही लावण्याआधी काढायचे. पुसायचं असेल तर कोरड्या मऊ फडक्याने, बस्स.

कार्बन डेटिंग का नाही, असं नवऱ्याने विचारलं आणि नंतर प्रत्येक पाहुण्याने विचारलं. कारण १६५० नंतरच्या वस्तूंच्या बाबतीत ती पद्धत फारशी कामाची नाही. त्या काळात वातावरणातल्या कार्बनचं प्रमाण असं वरखाली होत राहिलं की एकाच मोजमापाला १७ वं, १८ वं, १९ वं शतक अशी दोन-तीन उत्तरं निघू शकतात. शिवाय ठरलंच तर जनावराचं वय ठरणार. नाव कधी कोरलं, ते नाही.

ऑक्टोबरमध्ये एका जुन्या संग्राहकांना गाठलं. त्यांनी शिंग हातात घेतलं, वळवून वळवून पाहिलं, आणि मत न देता मलाच विचारलं, "तुम्ही कधी एखादं केलं आहे का? आधी एक करा. मग हेच शिंग पुन्हा बघा." मला वाटलं, टाळताहेत. पण त्यांनीच एका कार्यशाळेचा पत्ता दिला. हिवाळ्यात दोन शनिवार-रविवार, साहित्यासकट ३२५ डॉलर, जागा आठ. प्रतीक्षा यादीत नाव लागलं आणि डिसेंबरअखेर कुणीतरी गळाल्यामुळे माझा नंबर आला. अशा कार्यशाळांत नाव नोंदवताना पैसे परत मिळायची अट नीट वाचा. आमच्याकडे तीस दिवस आधी कळवलं नाही तर निम्मेच परत मिळत होते.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती सांगलीची. म्हणाली, "अगं, पोळ्याला शिंगं रंगवतात ती बैलाच्या डोक्यावर असताना. तू उतरवलेली घेऊन काय करणार?" मग थोड्या वेळाने तिनेच आठवण काढली की विजयदुर्गकडे पूर्वी गव्याच्या शिंगाच्या सुबक वस्तू करत. ते आता शक्य नाही, गवा संरक्षित आहे. इथली शिंगं मात्र पाळीव जनावरांची, खाटीकखान्यातून येणारी. ज्यांना हे नको वाटेल त्यांनी अर्थातच या वाटेला जाऊ नये. मलाही पहिलं शिंग हातात घेताना थोडं चरकायला झालं होतं.

जानेवारीत कार्यशाळा सुरू झाली. शिंग आपल्या नखांच्याच द्रव्याचं असतं, केराटिनचं. आतला हाडाचा गाभा उकळून किंवा कुजवून काढतात. आम्हाला काढलेलीच शिंगं मिळाली. टेबलावर वीसेक मांडली होती, त्यातून आपापलं निवडायचं. शिक्षकांनी सांगितलं तीन गोष्टी बघा: अंगाला टेकेल असा बाक, जाडी सगळीकडे पुरेशी, आणि कीड नाही. शिंगाला कीड लागते हे मला तेव्हा कळलं. लोकरी कपडे खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या शिंगही खातात आणि पृष्ठभागावर खळगे आणि वेड्यावाकड्या चऱ्या पाडतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. एकटं शिंग विकत घ्यायचं तर मला साधारण १५ ते २५ डॉलरला मिळालं, मोठं आणि पांढरं असेल तर जास्त.

पहिलं काम टोकाचं. शिंगाचं टोक आतून भरीव असतं, आणि पोकळी कुठे संपते ते बाहेरून दिसत नाही. त्यासाठी एक तार आत सारायची, जिथे अडेल तिथपर्यंतची लांबी खूण करून घ्यायची, आणि तीच तार बाहेरून शिंगाच्या बाकाबरोबर धरून पोकळीचा शेवट पेन्सिलीने आखायचा. तिथून इंचभर पुढे टोक कापायचं. आता या भरीव इंचातून भोक पाडून नेमकं पोकळीत उतरायचं, आणि शिंग वाकडं आहे. ड्रिल सरळ जाणार. एकजण वरून बघतो, एकजण बाजूने, आणि तिसरा ड्रिल चालवतो, अशी आमची तिघांची टोळी होती. ड्रिल आत पोचलं की हाताला एकदम हलकं लागतं. त्या क्षणी सगळे नकळत श्वास सोडतात. जळक्या केसांचा वास खोलीभर होतोच, पण खरी काळजी धुळीची. शिंगाची धूळ फुप्फुसाला वाईट. एन-९५ मास्क शेवटपर्यंत उतरवायचा नाही, आणि घरी काम करणार असाल तर स्वयंपाकघरात अजिबात नाही.

मग तासणं. जाड कानस, मग बारीक कानस, मग पोलादी पट्टीची धार, मग पॉलिश पेपर. पूर्वी फुटक्या काचेनेही तासत. मानेकडचा भाग खाली उतरवायचा आणि पट्टा अडकावा म्हणून एक कडं उंच राखायचं. यात दिवसच्या दिवस जातात. घरी आणून संध्याकाळी जेवणं झाल्यावर गॅरेजमध्ये बसायचे. कधी तरी दिव्यासमोर धरलं आणि आतून पिवळा उजेड आला. तिथे थांबायचं. अजून तासलं तर बुडाकडचा भाग कागदासारखा होतो आणि खिळा ठोकताना फुटतो.

बूड बसवण्याचा भाग मला सगळ्यात शिकवून गेला. शिंगाचं तोंड गोल नसतं, लंबगोल नाहीतर वेडंवाकडं असतं. दोन रस्ते. एक, रुंद तोंड उकळत्या पाण्यात धरून मऊ करायचं, त्यात लाकडी शंकू दाबायचा आणि थंड होईपर्यंत तसाच ठेवायचा. शिंग गोल होतं, मग लेथवर काढलेलं गोल बूड त्यात बसतं. दुसरा, शिंग आहे तसंच ठेवायचं आणि लाकूडच त्याच्या आकाराला घासत आणायचं. मी दुसरा घेतला, पाइनचं लाकूड वापरून. काजळी लावून लाकूड आत दाबायचं, काढायचं, जिथे काळं लागलं तिथे घासायचं, पुन्हा दाबायचं. शिक्षक म्हणाले की व्यावसायिक कारागीर, विशेषतः पेनसिल्व्हेनियातले लेथवाले, गोल बुडं आणि पेचाची टोकं करत. घरी किंवा छावणीत केलेल्या शिंगांचं बूड बऱ्याचदा असं वेडंवाकडं असतं. म्हणजे बूड बघून करणारा कोण होता याचा अंदाज येतो. बुडाच्या कडेला मधमाशीचं मेण लावून लाकडी खुंट्या ठोकल्या. मग आत पाणी भरून रात्रभर बादलीत उभं केलं. एक थेंब गळला नाही.

खरी दारू मी भरली नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये ती विकत घ्यायलाही बंदुकीचा परवाना लागतो. रिकाम्या शिंगाला काहीच लागत नाही. बाहेर कशी पडते ते बघायला मोहरी भरली आणि टोकातून ओतली. छान सरसरत आली. जाता जाता एक: इंग्रजांच्या दारूतला सोरा मोठ्या प्रमाणात बिहारमधून जात असे. प्लासीनंतर तो व्यापार ईस्ट इंडिया कंपनीच्या मुठीत आला, आणि लेक जॉर्जच्या काठी इंग्रज शिपायांच्या शिंगांत जे भरलेलं होतं, त्यात पाटण्याकडच्या मातीचा अंश असण्याची शक्यता बरीच आहे.

कोरणं मार्चमध्ये. आधी पेन्सिलीने आखणी, मग धारदार टोकाच्या सुरीने. रेष एका कापात होत नाही. सुरी एकदा एका बाजूने कलती, मग दुसऱ्या बाजूने, मधली चोय निघून येते आणि खाच इंग्रजी व्हीच्या आकाराची होते. फिरत्या यंत्राने कोरलं तर खाचेचा तळ गोल आणि सगळीकडे सारखा येतो. खाचेत काजळी आणि मेणाचं मिश्रण चोळून वरचं पुसून टाकायचं. रंग खाचेत राहतो. मी घरच्या तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ वापरलं. शिंग गोल असल्याने प्रत्येक अक्षराला शिंग फिरवावं लागतं, आणि सुरीला जिथे जरा खळगा लागला तिथे ती निसटते. माझ्या शिंगावर बुडाजवळ एक जुनी बारीक चरी होती. 'श्रूजबरी'मधलं एक अक्षर नेमकं तिथे येत होतं. दोनदा सुरी घसरल्यावर मी ते अक्षर थोडं पुढे ढकललं आणि शब्द जरा दाटीने बसवला.

त्या रात्री मी कपाटातून जुनं शिंग काढलं.

सहा महिने बघत होते आणि दिसलं नव्हतं. मालकाच्या आडनावात शेवटची तीन अक्षरं एकमेकांना खेटून आहेत, बाकीची ऐसपैस. मी समजत होते, लिहिताना जागा पुरली नाही. पण पुढे जागा आहे, चांगली दोन बोटं. दाटी आहे ती किडीचा एक खोल खळगा चुकवायला. दहापट भिंगाखाली पाहिलं. किल्ल्याच्या भिंतीची एक रेष किडीच्या चरीवरून गेली आहे, आणि चरीच्या दोन्ही काठांवर सुरीची छोटी खाच आहे, तळाला मात्र काही नाही. म्हणजे सुरी चरीवरून उडी मारून गेली. रेष आधी असती तर किडीने ती खाल्ली असती, काठ झिजके आणि रेषेचा तळ चरीत विरलेला दिसला असता. कोरणाऱ्याच्या हातात आलं तेव्हा हे शिंग आधीच किडलेलं होतं. छावणीतला शिपाई ताजं, धडधाकट शिंग घेऊन बसला असेल. किडकं कशाला कोरत बसेल?

मग बाकीचंही तपासत गेले. शिंगाची अंगाला टेकणारी बाजू घासून गुळगुळीत आणि तुकतुकीत झाली आहे, पट्ट्याने मानेवर खोबण पडली आहे. हे वापरलेलं शिंग आहे, यात शंका नाही. पण त्याच झिजलेल्या बाजूवर किल्ल्याचा अर्धा भाग येतो, आणि त्याच्या कडा तीक्ष्ण आहेत. वीस वर्षं कोटावर घासल्यावर पृष्ठभाग झिजावा आणि रेषा तेवढ्या वाचाव्यात, असं होत नाही. बूड पाइनचं, हाताने घासलेलं, लंबगोल, लाकडी खुंट्यांचं. ते माझ्या बुडाशी इतकं जुळतं की लाकडावरचे चपटे पैलू बघून करणाऱ्याने कुठे थांबून दाबून पाहिलं असेल ते सांगता येतं. पट्ट्यासाठी मात्र टोकदार स्क्रू आहे. टोकदार लाकडी स्क्रू १८४० च्या दशकाअखेर आले. त्याआधीच्यांचं टोक बोथट कापलेलं असे. आणि दोन तारेचे खिळे आहेत, जे इथे १९ व्या शतकाच्या शेवटी सर्रास झाले. पण स्क्रू आणि खिळे दुरुस्तीतही बदलले जातात. त्यांच्यावरून शिंग नवं ठरत नाही, कुणीतरी नंतर त्याला हात लावला होता एवढंच ठरतं. अतिनील दिव्याखाली (२५ डॉलर, ऑनलाइन) अख्खं शिंग नारिंगी चमकलं, म्हणजे वर शेलॅकचा, लाखेच्या वार्निशचा, थर आहे. तो अक्षरांच्या खाचांतही आहे. त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

आता उरला तो माणूस. त्याचं नाव इथे देत नाही, कारण त्याच आडनावाची मंडळी आजूबाजूला राहतात आणि मी त्यांना विचारलेलं नाही. राज्याने १८९६ ते १९०८ दरम्यान क्रांतियुद्धातल्या मॅसॅच्युसेट्सच्या सैनिकांच्या नोंदी १७ खंडांत छापल्या आहेत. त्या फुकट वाचता येतात. हे नाव तिथे एकदा नाही, कितीतरी वेळा येतं, वेगवेगळ्या स्पेलिंगने, वेगवेगळ्या गावचं. गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या छापील नोंदी शेजारी ठेवून त्यातले काही वगळले. १८३२ च्या कायद्याने निवृत्तिवेतनासाठी म्हाताऱ्या सैनिकांना न्यायालयात आपली हकिकत सांगावी लागे. ते अर्ज राष्ट्रीय अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवले आहेत. एका अर्जात रॉक्सबरी आहे. शिंग कुठेच नाही, आणि असण्याचं कारणही नाही.

मूळ हजेरीपट बघायला एप्रिलमध्ये बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंटवर राज्य अभिलेखागारात गेले. हे कामाच्या दिवशीच उघडं असतं, त्यामुळे रजा टाका. फोटो असलेलं ओळखपत्र न्या. पिशवी लॉकरमध्ये, पेन चालत नाही, पेन्सिलच. काय बघायचं ते आधी ईमेलने कळवून ठेवलं तर तिथला वेळ वाचतो. मी तसं केलं होतं आणि मायक्रोफिल्म तयार होती. फी काही नाही. रॉक्सबरीच्या अर्जवाल्याचं नाव एका तुकडीत सापडलं, १७७५ च्या हिवाळ्यातलं. खूप आनंद झाला, आणि परतीच्या रेड लाइन मेट्रोमध्ये बसल्यावर लक्षात आलं की या आनंदाचा शिंगाशी काही संबंध नाही. हे नाव १७७५ मध्ये रॉक्सबरीला होतं, हे १९०० साली छापील खंड उघडणाऱ्या कुणालाही कळू शकत होतं. नाव खरं असणं आणि नाव त्या काळात कोरलेलं असणं या निराळ्या गोष्टी आहेत. विक्रेते बऱ्याचदा पहिली दाखवून दुसरी विकतात.

मे महिन्यात लेखी मत घेतलं. अशा तज्ज्ञाला शोधताना दोन गोष्टी विचारा: तुम्ही अशा वस्तू स्वतः विकता-घेता का, आणि फी किमतीच्या टक्केवारीवर आहे का. दोन्हींपैकी एकाचंही उत्तर हो असेल तर दुसरीकडे जा. मला तासाला १६० डॉलर आणि दोन तासांचं काम पडलं. तीन आठवड्यांनी दोन पानं आली. सार असं: शिंग १८ व्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकातलं किंवा १९ व्या शतकाच्या सुरुवातीचं, न्यू इंग्लंडमध्ये घरी केलेलं, भरपूर वापरलेलं, कोरीव काम नंतरचं, बहुधा १८७६ च्या शताब्दी उत्सवाच्या आसपासचं किंवा त्यानंतरच्या दोनतीन दशकांतलं. त्या काळात घराघरांतून जुनी शिंगं माळ्यावरून खाली आली आणि आजोबांच्या नावाने सजली. फसवायला कोरलं असेल असंही नाही. नातवाने आठवण म्हणून कोरलं असू शकेल. किंमत मी दिली त्याहून थोडी जास्त. १७९२ च्या मिलिशिया (नागरी सैन्य) कायद्याने रायफल बाळगणाऱ्या प्रत्येकाला शिंग, वीस गोळ्या आणि पाव पौंड दारू स्वतःच्या खर्चाने ठेवणं भाग पडलं होतं. कोरं असतं तेव्हाचं हे शिंग कदाचित त्याच कामाचं, असं त्यांनी शेवटी एका ओळीत लिहिलं आहे. मला ती ओळ किल्ल्यापेक्षा जास्त आवडली.

संग्राहकांना मत वाचून दाखवलं. ते म्हणाले, दाटलेली अक्षरं मला पहिल्या दिवशी दिसली होती, पण सांगून उपयोग नव्हता.

माझ्या शिंगावर मी नाव, गाव आणि २०२४ हे साल खोल कोरलं आहे, आणि बुडाच्या आतल्या बाजूलाही सुरीने तेच. पन्नास वर्षांनी कुणी बाहेरचं घासून काढलं तर आतलं सापडेल. कार्यशाळेत सगळ्यांना हे करायलाच लावतात. जुन्या शिंगासोबत पावती, फोटो, मत आणि हजेरीपटाची प्रत एका आम्लरहित पाकिटात ठेवली. दोन्ही शिंगं बंद पेटीत आहेत, आणि दर दोन-तीन महिन्यांनी उघडून कुठे भुसा पडला आहे का ते बघते. नॅप्थालीनच्या गोळ्या टाकू नका.

जूनमध्ये घराच्या विम्यात नोंद करावी म्हणून ऑनलाइन अर्ज भरायला बसले. 'निर्मितीचं वर्ष' असा रकाना होता, चार अंकी, सक्तीचा. 'सुमारे' चालत नाही, दोन सालं चालत नाहीत. फोन केला तर तिकडची मुलगी म्हणाली, वस्तूवर जे साल लिहिलं आहे ते टाका ना. तिला सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग किंमत विचारली. एवढ्या रकमेच्या वस्तूची वेगळी नोंद लागतच नाही, ती घरातल्या सामानात धरली जाते. अर्ज तसाच बंद केला.